निर्हेतुक प्रीतीचा हक्क

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी फराळाबरोबर जे वाङ्मय मराठी घरांत येऊ लागले त्यात प्रेमकथेचा वाटा मोठा होता, आणि त्या प्रेमकथेत अडसर कोणते असावेत याचाही कालांतराने एक शिरस्ता पडून गेला: जात आडवी येई, पत्रिका जुळत नसे, दारिद्र्य असे, वडिलांनी कुणाला तरी दिलेला शब्द असे. या सर्व अडसरांचे एक लक्षण समान होते, की ते माणसांच्या मनात वसत, आणि म्हणून कथेच्या अखेरीस कुणाचे तरी मन वळले की दूरही होत. यंदाच्या अंकासाठी सागरापलीकडील मराठी कुटुंबांविषयीचे साहित्य वाचीत असता आम्हांस सतत जाणवत राहिले, की तेथील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या वाट्याला आलेला अडसर या जातीचा नाही. तो कुणाच्या मनात नसून दफ्तरात आहे, आणि आईबापांचे, आप्तांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, सर्वांचे मन वळले तरी तो तसूभर हलत नाही.

न्यू जर्सीतील एडिसनपासून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत 'एच-फोर' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे, की पुण्या-नाशकाकडची आजीआजोबा मंडळीही ती दूरध्वनीवर सहज उच्चारतात. आईला वा वडिलांना 'एच-वन-बी' परवान्यावर नोकरी मिळते, आणि त्यांच्यासमवेत गेलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्या परवान्याच्या आश्रयाने रहिवासाची जी हंगामी मुभा मिळते, ती ही. मूल तेथील शाळेत जाते, तेथील ऋतूंत वाढते, तेथील भाषेत भांडते आणि हसते; पण सोबतीची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करून पहिली कमाई घरी आणू लागली, की त्याला समजते, की आपल्याला मजुरी घेण्याचीच मनाई आहे. कायम रहिवासाचा दाखला, म्हणजे ग्रीन कार्ड, मागणारांची रांग १९९० च्या कायद्याने बांधून दिलेली आहे: नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० दाखले, त्यांत अर्जदाराची पत्नी व मुलेही मोजली जाणार, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. भारतात जन्मलेल्या उच्चशिक्षित अर्जदारांची पाळी २०२५ साली २०१३ च्या अर्जांपाशी घुटमळत होती. त्यात त्या कायद्याच्या लेखी अपत्य म्हणजे एकवीस वर्षांखालील अविवाहित व्यक्ती. एकविसावा वाढदिवस उजाडला आणि पाळी आलेली नसली, की आश्रय संपतो, आणि घरातील मंडळी एकमेकांना सांगतात, की मुलगी 'एज-आउट' झाली. दफ्तराने अर्ज तपासण्यात घालविलेले दिवस वयातून वजा करण्याची सवलत २००२ च्या कायद्याने दिली खरी, परंतु बारा-बारा वर्षांच्या रांगेपुढे ती तोकडी पडते.

या अविवाहितपणाच्या अटीपाशी वाचकाने थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी ढोल-ताशा पथकाची तालीम चालली आहे आणि तेथे सतरा वर्षांची एक मुलगी आणि तिच्याच वयाचा एक मुलगा यांची ओळख झाली आहे, अशी कल्पना करू. दोघांचाही जन्म महाराष्ट्रातला, दोघेही 'एच-फोर', आणि म्हणूनच जे इतर कुणाला तासभर समजावून सांगावे लागते ते या दोघांना एकमेकांना सांगावे लागत नाही. परंतु हीच प्रीती वाढत जाऊन विसाव्या वर्षी त्यांनी विवाह केला, तर त्याच दिवशी दोघेही आपापल्या आईबापांच्या परवान्याच्या आश्रयातून, आणि इतकी वर्षे धरून ठेवलेल्या रांगेतील जागेतूनही, बाहेर पडतात. उलट तोच मुलगा तेथे जन्मलेला, अर्थात नागरिक, असता, तर त्याच्याशी विवाह करणाऱ्या या मुलीला कसलीही रांग लागली नसती, कारण नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची मर्यादा लागूच नाही. थोरली पुण्यात जन्मली म्हणून हंगामी आणि धाकटा तेथे जन्मला म्हणून चौदाव्या घटनादुरुस्तीन्वये जन्मसिद्ध नागरिक, अशी भावंडे तर अनेक घरांत एका ताटात जेवत आहेत. (त्या जन्मसिद्ध हक्कालाही जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय हुकुमाने हात घातला आणि त्याचा वाद न्यायालयांत गेला.) ज्या भेदावर या मुलांचे हृदय पणाला लागते, तो त्यांनी केलेल्या कोणत्याही कृत्यातून उत्पन्न झालेला नाही.

सतराव्या वर्षीची प्रीती टिकत नाही, असे वडीलधारी मंडळी नेहमी म्हणतात. बहुधा टिकत नाहीच. परंतु तिची थोरवी टिकण्यात आहे असे आम्ही मानीत नाही. आयुष्यात प्रथमच एक जीव दुसऱ्याकडे काहीही मिळविण्याचा हेतू मनात न धरता ओढला जातो, दुसऱ्याच्या केवळ असण्याने आनंदित होतो, आणि या अनुभवातून त्याला स्वतःच्या मनाचा इतबार वाटू लागतो. पुढे कुल, वेतन, घर, सोय यांचे हिशेब येणारच असतात, आणि ते येण्यापूर्वीचा हा अल्प काळ मनुष्याला जन्मभर पुरणारी शिदोरी देऊन जातो. ज्या मुलीपुढे एकविसाव्या वर्षाची मुदत उभी आहे तिच्याकडून हा निर्हेतुकपणाच काढून घेतला जातो. नागरिक असलेल्या एखाद्या मुलाशी ती स्नेहाने बोलू लागली, की मैत्रिणी थट्टेने म्हणतात, आता तुझे कार्ड झाले. मावशी तेच गंभीरपणे सुचविते. मुलाच्या आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आणि या सर्वांहून दारुण गोष्ट ही, की एकटी असताना ती मुलगी स्वतःचीच उलटतपासणी घेऊ लागते, की मला हा आवडतो, की याच्यापाशी जे आहे ते मला हवे आहे? ज्या वयात मन नुसते वाहू द्यावे, त्या वयात तिला स्वतःच्या मनाविरुद्ध साक्षीपुरावा गोळा करावा लागतो. या मुलांकडून नोकरी हिरावली गेली, सरकारी शिक्षणसाहाय्य हिरावले गेले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु स्वतःच्या प्रेमावरचा विश्वास हिरावला जाणे, ही आमच्या मते याहून मोठी हानी आहे, आणि तिची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.

एकवीस पूर्ण होताच जो सर्वसामान्य मार्ग उरतो तो विद्यार्थी-परवान्याचा, 'एफ-वन'चा. आणि त्यासाठी अर्जदाराला पटवून द्यावे लागते, की परदेशी आपले घर आहे, ते सोडून देण्याचा आपला इरादा नाही, आणि विद्या संपादन होताच आपण तेथे परत जाऊ. जिला दोन वर्षांची असताना सदाशिव पेठेतून कडेवर घेऊन नेले, जिचे सर्व सखेसोबती, आणि ज्याच्यावर तिचे मन जडले आहे तोही, तिच्या घरापासून चार रस्त्यांवर राहतात, तिने आपले घर सदाशिव पेठेत आहे अशी कबुली द्यायची. अशा कबुलीची व्यथा मराठी वाचकाला अपरिचित नसावी. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखाली जातीबाहेर विवाह करू इच्छिणाऱ्या हिंदू वधूवरांना, आपण हिंदू धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. ज्यांची धर्मावर मनःपूर्वक श्रद्धा होती त्यांनाही केवळ प्रीतीपायी ती नाकारावी लागे, आणि या असत्याची बोच त्यांतील सत्यनिष्ठ माणसांना जन्मभर राहत असली पाहिजे. ही सक्ती एक्कावन्न वर्षे चालली. हरिसिंग गौर यांच्या खटपटीने १९२३ साली ती हिंदूंपुरती सैल झाली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सर्वांसाठीच संपली.

त्याच १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य तेथील नागरिक होण्यास अपात्र ठरविला. आणि आदल्या वर्षीच्या केबल कायद्यात असे कलम होते, की अशा अपात्र परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावील. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास यांनी विवाहापायी आपण देशहीन कशा झालो याची कैफियत १९२६ साली 'द नेशन' या साप्ताहिकात मांडली. ते कलम १९३१ साली निघाले, हिंदी लोकांची अपात्रता १९४६ साली गेली. 'कायदा आहे, आपण काय करणार' असे सुस्कारून मुलांना गप्प बसविणाऱ्या पालकांना हा पूर्वेतिहास ठाऊक असावा, एवढ्यासाठी तो येथे सांगितला.

ज्यांच्यापाशी हंगामी का होईना पण कागद आहे त्यांची ही कथा झाली. ज्या घरात परवान्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे, किंवा परवाना कधी नव्हताच, तेथे मुलाची पहिली प्रीती आणि घराचे गुपित एकाच वेळी ओठांवर येऊन ठेपतात. १९८२ च्या प्लायलर खटल्याच्या निकालामुळे अशा मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येत नाही, म्हणून शाळेच्या वर्गात ती इतर कुणासारखीच असतात. फरक पुष्कळ राज्यांत उघडा पडतो तो वाहन चालविण्याचा परवाना काढण्याच्या वयात, म्हणजे नेमका प्रेमात पडण्याच्या वयात. तू गाडी का चालवीत नाहीस, सुट्टीत परदेशी सहलीला का येत नाहीस, असे तिने विचारावे आणि त्याने काहीतरी निमित्त सांगावे. आणि सत्य सांगावे म्हटले, तर ते त्याचे एकट्याचे नसते, त्यात आईबापांचे स्वातंत्र्य गुंतलेले असते, आणि सतराव्या वर्षी भांडण होऊन अबोला धरायला किती वेळ लागतो? विश्वास टाकावा तर आईबाप संकटात, न टाकावा तर प्रेम अपुरे, अशा पेचात प्रौढ माणसेही गोंधळतील. २०१२ साली ओबामा सरकारने हद्दपारीपासून 'डाका' नावाची जी तात्पुरती सवलत दिली ती जून २००७ पासून सलग तेथे राहणाऱ्यांपुरती होती. आज जे मूल सतरा वर्षांचे आहे त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. विवाहानेही प्रत्येकाची सुटका होते असे नाही, कारण पुष्कळ वेळा सर्व काही यावर अवलंबून असते, की दोन वर्षांचे असताना आईच्या कडेवरून देशात येतेवेळी सरहद्दीवरील अधिकाऱ्याने रीतसर नोंद केली होती की नव्हती.

पत्रकार होसे अँटोनियो व्हार्गास यांनी २०११ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पुरवणी-मासिकात आपली जी हकिकत प्रसिद्ध केली ती आम्हांस या संदर्भात फार मोलाची वाटते. फिलिपाइन्सहून बाराव्या वर्षी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे आजी-आजोबांकडे आलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी वाहनपरवाना काढायला गेला, तेव्हा खिडकीमागील बाईंनी त्याला हळूच सांगितले, की तुझे ग्रीन कार्ड खोटे आहे. पुढे त्याने एका अमेरिकन स्त्रीशी विवाह करावा म्हणजे सर्व सुरळीत होईल, असा आजोबांचा मनसुबा होता. परंतु शाळेत असतानाच त्याने आपले मन पुरुषांकडे ओढ घेते हे उघडपणे सांगून टाकले, आणि आजोबा त्यामुळेच अधिक संतापले. सुटकेचा जो एक मार्ग घरच्यांनी योजून ठेवला होता तो त्या किशोराने आपल्या हृदयाशी खोटे न बोलण्यासाठी सोडून दिला. त्या वयात हे धैर्य दाखविणारा मुलगा आपल्या घरात असता तर आपण त्याला कसे वागविले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारून पाहिला.

कारण दोष सर्वस्वी परक्या सरकारचा नाही. आपल्या सरहद्दीत कोण राहील हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि दाखल्यासाठी खोटे विवाह लावून देणारे लोक असतात हेही खरे. १९८६ च्या कायद्याने नवविवाहित जोडीदाराला प्रथम दोन वर्षांचाच सशर्त दाखला देण्याची प्रथा पडली ती त्याचमुळे. परंतु आपल्या समाजाने काय केले? वधूवर-सूचनांच्या स्तंभांत गोत्र, नाडी, उंची यांच्या पंक्तीला आपणच 'ग्रीन कार्ड', 'सिटिझन', 'एच-वन' ही विशेषणे आणून बसविली, आणि ज्याची परीक्षा सरकारी अंमलदार घेतो त्याच गोष्टीची परीक्षा सोयरीक जुळविणाऱ्या काकू दिवाणखान्यात घेऊ लागल्या. मुलांनी हेतूशिवाय प्रेम करावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? दुसरी चूक याहून नाजूक आहे: पुष्कळ आईबाप मुलाला त्याची कायदेशीर स्थिती शक्य तितके दिवस सांगतच नाहीत. हेतू मायेचा असतो, पण मूल सतराव्या वर्षी एखाद्या महाविद्यालयाच्या अर्जातील रकाना भरताना प्रथमच ते जाणते, आणि ज्याच्याशी वा जिच्याशी दोन वर्षे मनातले सर्व बोलले त्या व्यक्तीला आपण नकळत अर्धेच सांगत होतो, हा धक्का त्याला एकट्याने सोसावा लागतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी, कागद समोर ठेवून, तारखांसकट सर्व तपशील मुलांना समजावून सांगावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

परवान्याच्या आश्रयाने वाढलेल्या मुलांना एकविसाव्या वर्षी हद्दपारीचे भय राहू नये, यासाठी २०२१ साली डेबोरा रॉस यांनी प्रतिनिधिगृहात, आणि अॅलेक्स पडिया व रँड पॉल या विरुद्ध पक्षांच्या दोन सभासदांनी सिनेटमध्ये विधेयक मांडले. ते अद्याप मंजूर झालेले नाही. तेथील मराठी मंडळे अधिवेशने भरवितात, नाटके नेतात, शाळा चालवितात. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला या विधेयकाविषयी पत्र लिहिणे हेही मंडळाचे सांस्कृतिक कार्यच आहे, असे त्यांतील नागरिक सभासदांनी मानावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

प्रस्तुत अंकातील स्थलांतरविषयक विभाग सर्वस्वी प्रौढांनी लिहिलेला आहे, आणि ती त्यातील उणीव आहे. पुढील वर्षी या विभागातील काही पाने आम्ही पंधरा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवीत आहोत. त्यांनी आपले लेखन मराठीत, इंग्रजीत वा दोहोंच्या मिश्रणात पाठवावे. भाषांतर आम्ही करू आणि छापण्यापूर्वी लेखकाला दाखवू. नाव, शहर, शाळा, परवान्याचा प्रकार यांपैकी काहीही कळविण्याची आवश्यकता नाही, आणि कळविले तरी ते छापले जाणार नाही व संपादनानंतर नष्ट केले जाईल.