विषादाचा योग आणि ‘करमत नाही’चे व्याकरण

मराठी समीक्षेत ‘दुःख’ या संज्ञेचा संचार जितका मुक्त आहे, तितकाच दीर्घकाळ विषण्णतेसह जगणाऱ्या माणसाचा प्रवेश तेथे दुर्घट आहे. व्यथा, आर्तता, करुणा, परात्मता यांची वर्गवारी समीक्षकांनी परिश्रमपूर्वक केली. परंतु वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्यविकार म्हणते आणि जो सोबत घेऊन माणसे वर्षानुवर्षे शेती, नोकरी, स्वयंपाक, लग्नकार्ये पार पाडतात, त्याविषयी या समीक्षेपाशी सांगण्यासारखे फारसे नाही. हे निव्वळ अनवधान नव्हे. दुःखाचे ताबडतोब दुसऱ्या कशात तरी रूपांतर करण्याची जी सवय तिला जडली आहे, तिचा हा परिणाम होय.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग या गावाचे नाव ऐकताच अभ्यासकाला ‘वैराग्य’ आठवावे, हे या सवयीचे सोपे उदाहरण. गावात संतनाथांचे स्थान आहे आणि पंढरपूर व तुळजापूर फार दूर नाहीत. तेव्हा हे साहचर्य मोहक आहे. मात्र ज्वारी-तुरीच्या या अवर्षणप्रवण मुलखात खचलेला माणूस विरक्तीची भाषा बोलत नाही. ‘करमंना’, ‘अन्न ग्वाड लागंना’, ‘सकाळी उठवंना’ एवढेच तो म्हणतो. ही बोली समीक्षेने आजवर फार तर प्रादेशिक रंग म्हणून नोंदवली. तिच्यातील विचार वाचला नाही.

तो विचार व्याकरणात आहे. ‘मला करमत नाही’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. उजाडते, सांजावते, मळमळते, त्याच वळणाने करमत नाही. ‘मला उठवत नाही’ हे शक्य क्रियापद तर इच्छा आणि कृती यांच्यामधली तुटलेली दोरीच दाखवते: उठायचे नाही असे नाही, उठण्याची क्रियाच हाती लागत नाही. विषण्णता ही माणसाची कृती नसून त्याच्यावर ओढवलेली अवस्था आहे, हे मराठी भाषेला ठाऊक आहे. याच्या उत्तरादाखल वैरागच काय, कोणत्याही मराठी गावात जो सल्ला मिळतो, तो आज्ञार्थी असतो: ‘मन घट्ट कर.’ ज्याला व्याकरणाने कर्तेपणातून सोडवले, त्याला हा सल्ला पुन्हा कर्ता आणि म्हणून अपराधी ठरवतो.

या आज्ञार्थाला प्रतिष्ठित वंशावळ आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात. विषादाला ‘योग’ ही पदवी मिळते ती पुढील उपदेशाची प्रस्तावना म्हणून. अर्जुनाच्या विषादाला निमित्त आहे आणि अठराव्या अध्यायात त्याचा अंत आहे. निमित्ताविना येणाऱ्या आणि उपदेशाने न हटणाऱ्या विषादाची सोय या रचनेत नाही. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत २०५ वेळा मनाची मशागत होते. परंतु विषण्णतेत नेमके आज्ञा ऐकणारे मनच शिल्लक नसते. बार्शीच्या जोगा परमानंदांची कथा महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. भेट मिळालेले पीतांबर चिखलापासून जपावेसे वाटले, या अपराधासाठी त्यांनी स्वतःला बैलांच्या जुवाला बांधून फरफटत नेऊ दिले. परंपरा येथे वैराग्याची परिसीमा पाहते आणि अखेरीस देव धावून येतो. क्षुल्लक चुकीसाठी स्वतःला एवढी शिक्षा करणाऱ्या मनाविषयी प्रश्न विचारणे म्हणजे संताचे रोगनिदान करणे नव्हे. देव धावून न आलेल्या माणसांना ही कथा काय शिकवते, एवढे विचारण्याचा अधिकार समीक्षेने का सोडावा?

दुसरे रूपांतर सौंदर्यवादी. बालकवींच्या उदासीनतेवरील प्रसिद्ध कवितेत कारण अज्ञात असल्याची सरळ कबुली आहे. तरीही अभ्यासकांनी कधी दारिद्र्य, कधी कौटुंबिक ओढाताण, कधी निसर्गाची गूढता पुढे करून ते अज्ञात कारण शोधून दिले. ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) नंतर तर दुःख हे अभिजनत्वाचे चिन्हच बनले. यात दोष कवितेचा नाही. तिच्या प्रतिमांशी स्पर्धा करणाऱ्या समीक्षेचा आहे. ज्या दुःखाला प्रतिमा सुचत नाही, ज्याची भाषाच आटली आहे, ते दुःख या दरबारात अडाणी ठरते.

तिसरे रूपांतर बांधिलकी मानणाऱ्या समीक्षेचे. दुष्काळ, कर्ज, जात ही कारणे खरी आहेत आणि त्यांचे विस्मरण हा गुन्हाच ठरेल. परंतु शेतकरी आत्महत्यांच्या शासकीय चौकशीत कर्ज वा नापिकी सिद्ध झाल्यास प्रकरण ‘पात्र’, अन्यथा ‘अपात्र’ ठरते. तीच पद्धत या समीक्षेने नकळत स्वीकारली. सामाजिक कारण दाखवता आले तर दुःख पात्र, एरवी मध्यमवर्गीय चैन. वैरागमधील कर्ज फेडलेल्या, पाऊसपाणी बरे झालेल्या घरातही एखाद्या बाईला सकाळी उठवत नाही, ही वस्तुस्थिती मग कोणत्या रकान्यात घालायची?

‘कोसला’चे (१९६३) वाचन या संदर्भात बोलके आहे. पांडुरंग सांगवीकरच्या उदासीचे अस्तित्ववाद, परात्मता, शहर-खेडे संघर्ष असे खुलासे झाले. परंतु सांगवीला परतल्यावरही ती उदासी संपत नाही आणि धाकट्या मणीच्या मृत्यूने ती पुरती उलगडतही नाही. कादंबरीत सर्वत्र विखुरलेले ‘वगैरे’ केवळ उपरोधाचे साधन मानले गेले. यादी सुरू करून ती पुरी करण्याचे त्राण न उरलेल्या अवधानाची ती वाक्यरचना आहे, असेही वाचता येते. दिवस ढकलण्याचे शिल्प म्हणून या कादंबरीकडे पाहिले असते, तर विषण्णतेच्या काळानुभवाविषयी मराठी समीक्षेला स्वतःचे काही म्हणता आले असते.

यावर देशीवादी आक्षेप अपेक्षित आहे: नैराश्यविकार ही पाश्चात्त्य कोटी असून आपल्या संस्कृतीत दुःखाला आधीच अर्थ आहे. गणनाथ ओबेसेकेरे यांनी १९८५ च्या निबंधात श्रीलंकेतील बौद्धांविषयी या दिशेचा गंभीर युक्तिवाद केला. तो दुर्लक्षणीय नाही. मात्र अर्थ लावणे हे कामच आहे आणि विषण्णतेत जी शक्ती प्रथम खचते, ती हे काम करण्याची. संस्कृतीपाशी अर्थाचे भांडार असणे आणि तळाशी गेलेल्या माणसाचा हात तेथवर पोहोचणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय ‘करमंना’ हा शब्द कोणत्याही पाश्चात्त्य कोटीतून आलेला नाही.

केवळ वैद्यकाकडे बोट दाखवूनही भागणार नाही. औषधाने अनेकांना उठवते, आणि त्याविषयीची साहित्यिक तुच्छता घातक आहे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. जेथे मोजणी झाली, तेथे निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले. अपराधाऐवजी व्यथा पाहण्याचे हे पाऊल कायद्याने उचलले. समीक्षा मात्र अजून ‘मन घट्ट कर’च्या आवृत्त्या काढीत आहे.

समीक्षेने कवींची रोगनिदाने करावीत, अशी मागणी येथे नाही. दुःख पुढे कशात परिणत झाले, एवढेच न विचारता ते कसे सोसले गेले, दिवस कसा सरला, वाक्य कोठे तुटले, हेही संहितेला विचारले जावे. वैरागमधल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला कीर्तनात उपदेश मिळतो, कवितासंग्रहात अलंकार मिळतो, ग्रामीण कादंबरीवरील प्रबंधात कारण मिळते. त्याच्या हातून तीन आठवडे पुस्तकाचे पान उलटलेले नाही, या अवस्थेसाठी मात्र आपल्या टीकाग्रंथांतून त्याला एक वाक्यही मिळत नाही. ते त्याच्या आजीच्या बोलीत आहे, आणि समीक्षेने ते अशुद्ध म्हणून वगळले आहे.