आमच्या मोटरला कंडेन्सर हवा कशाला?



एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यावर आमच्या गटाने मोटर केली. ती फिरली, पण दमल्यासारखी. लगेच वर्गात गलका झाला, "तिला कंडेन्सर लावा, मग बघा कशी पळते!" माझे मत वेगळे आहे, म्हणून हे लिहिले.

पुस्तकात ज्याला धारित्र म्हणतात तोच हा कंडेन्सर. त्याने जोर येतो, ही समजूत पंख्यामुळे झाली. घरचा पंखा हळू झाला की वायरमन येतो, कंडेन्सर बदलतो आणि पंखा गरगर फिरू लागतो. आपण सगळ्यांनी हे बघितलंय. पण घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. तिचा धक्काही नुसता पुढेमागे बसतो, गोल नाही. म्हणून पंख्यात वेटोळ्यांचे दोन संच असतात आणि कंडेन्सरमुळे दोन्हींतली वीज एका वेळी न येता मागेपुढे येते. एकामागून एक धक्के बसले की पंखा एका दिशेने फिरतो. आपल्या सेलची वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तिथे कंडेन्सर एकदा भरला की गप्प बसतो. मग जोर कुठून येणार?

"मोठा लावू, त्यात वीज साठेल," असेही एकाने सुचवले. तेही करून पाहिले. १००० मायक्रोफॅरडचा लावला, सेल काढला, मोटर नेहमीसारखीच थांबली. गुरुजींनी फळ्यावर हिशेब केला. मोटर एक अँपिअर वीज घेते असे धरले, तर दीड व्होल्टवर त्या कंडेन्सरात मावलेली ऊर्जा तिला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा पुरत नाही! शिवाय अशा कंडेन्सरला अधिक-उणे असते. उलटा जोडला तर तो बिघडतो, जास्त व्होल्टवर फुटतोही.

खरा दोष आमच्याच हातचा होता. तारेच्या एका टोकाचे वार्निश पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूने. आम्ही घाईत खरवडले, त्यामुळे ठिकठिकाणी वार्निश तसेच राहिले. टोकेही सरळ रेषेत नव्हती. पॉलिश पेपरने घासून, टोके सरळ करून पुन्हा ठेवली तर मोटर भिंगरीसारखी फिरली. लंडनमध्ये १८२१ साली मायकेल फॅरडे यांनी विजेने तार गोल फिरवून दाखवली, तेव्हा तिला कंडेन्सर नव्हता. गंमत म्हणजे कंडेन्सरचे माप, फॅरड, त्यांच्याच नावाचे आहे.

तर मग कंडेन्सर अगदी निरुपयोगी का? तसं नाही. पिनेवर तार टेकते-सुटते तेव्हा बारीक ठिणगी उडते. खोलीत अंधार केला की ती दिसते. दोन पिनांमध्ये डाळीएवढा, १०४ लिहिलेला कंडेन्सर लावला तर ठिणगी मंदावते. (१०४ म्हणजे १० पुढे ४ शून्ये, इतके पिकोफॅरड.) आजीचा रेडिओ जवळ ठेवला होता, त्यातली खरखरही कमी झाली. पुरती बंद नाही झाली, खोटं कशाला लिहू?

आता एक गोष्ट पालकांसमोर कबूल करतो. मोठ्या कंडेन्सरच्या नादात मी विहिरीवरच्या बंद मोटरची पेटी उघडली होती. हात घालणार तोच काकांनी मनगट धरलं आणि अशी शिवी दिली की इथे लिहिता येत नाही! ते म्हणाले, सुरुवातीचा झटका देणारा कंडेन्सर मोटर चालू झाल्यावर बाजूला होतो, त्यामुळे लाईट नसतानाही त्याच्यात वीज भरलेली राहू शकते. ती घरच्या विजेइतकीच वाईट. वर्गातल्या आणखी दोघांच्या मनात तीच पेटी आहे, मला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडचा १०४ घ्यावा, माझ्याकडे तीन शिल्लक आहेत.

मोटर खिडकीत ठेवली आहे. पालकांनी हात लावून पाहिली तरी चालेल. सेल मात्र जाताना काढून ठेवावा, तो फार लवकर उतरतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी