सामाईक फाटकाचे कुलूप

नंदनवनातील कोणत्याही फ्लॅट स्कीममध्ये घडू शकेल असा एक प्रसंग वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. सकाळी सातच्या सुमारास एक गृहस्थ डबा आणि हेल्मेट घेऊन जिना उतरतो. खांबाजवळच्या नेहमीच्या जागी तेलाचा डाग तेवढा उरलेला असतो; मोटारसायकल नाहीशी झालेली असते. क्षणभर त्यास वाटते, मुलाने नेली असेल. मग दारे वाजतात, चौकीदारास हाक जाते आणि सारी बिऱ्हाडे खाली जमतात. रात्री फाटकास कुलूप कोणी लावले, या साध्या प्रश्नास मात्र उत्तर मिळत नाही. पंधरा बिऱ्हाडांपैकी प्रत्येकाची समजूत अशी की, ते काम दुसऱ्याने केले असेल. गाडी एकाची गेली हे खरे. परंतु चोरास वाट मिळाली ती या पंधरा समजुतींमधून, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

या चोरीस किरकोळ मानण्याची आपणांस सवय जडली आहे. ती सोडली पाहिजे. पूर्व नागपुरातून हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्या कामगारास, औषधांची बॅग घेऊन दवाखान्यामागून दवाखाने हिंडणाऱ्या विक्री प्रतिनिधीस किंवा तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकविणाऱ्या अध्यापकास मोटारसायकल ही चैन नव्हे. ते त्याचे पोट आहे. ती बहुधा कर्जावर घेतलेली असते. गाडी जाते, हप्ते मात्र मागे राहतात.

पूर्वी ही चिंता नव्हती, याचे कारण माणसे अधिक प्रामाणिक होती हे नव्हे. 1936 च्या कायद्याने सुधार प्रन्यासाची स्थापना झाल्यावर या शहरात जे लेआउट पडत गेले, त्यांत प्लॉटवर स्वतंत्र घर, पुढे अंगण आणि अंगणास स्वतःचे फाटक अशी रचना असे. रात्री सायकल उचलून ओसरीत घेतली की काम झाले. पुढे प्लॉटांवर फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, तळमजला खांबांवर मोकळा ठेवण्यात आला आणि अंगण पंधरा जणांचे झाले. शंभर किलोंहून जड गाडी तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. ती जिथे राहते, ती जागा घराचा भाग आहे असे मात्र कोणासच वाटत नाही.

कायद्याने ही जागा कोणाची, याचा निर्णय झालेला आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी सांगितले की, खांबांमधील मोकळी वाहनजागा म्हणजे स्वतंत्र गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा असून बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. या निकालाने सदनिकाधारकांस आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु हक्क जसा सामाईक झाला, तशी राखणही सामाईक झाली, हा त्याचा दुसरा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरलो.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील चोरीचा प्रवेश नाट्यप्रेमी वाचकांस आठवत असेल. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार चारुदत्ताच्या घरातून शर्विलक भिंतीस भोक पाडून नेतो. नेतो असे तरी कसे म्हणावे? अर्धवट झोपेत बरळणारा मैत्रेय तो डबा आपण होऊन त्याच्या हाती देतो! तथापि, ठेव गेली म्हणून चारुदत्ताने हात झटकले नाहीत. त्याच्या पत्नीने आपली रत्नमाला भरपाईसाठी पुढे केली. आजचा कायदाही याच नीतीने चालतो. दिल्लीतील एका हॉटेलात पाहुण्याने चावीसह सोपविलेली मोटार चोरीस गेली, तेव्हा 'जबाबदारी मालकाची' असे पावतीवर छापलेले असूनही हॉटेलची सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये ठरविले. आपल्या तळमजल्यावर मात्र चावी कोणी कोणाकडे सोपवीत नाही. म्हणून तेथे मैत्रेय पुष्कळ आढळतात, चारुदत्त एकही नाही.

मग बळी शोधला जातो आणि तो म्हणजे चौकीदार. तुटपुंज्या पगारावर राहणाऱ्या या माणसाने पाण्याचा पंप लावावा, मोटारी पुसाव्या, दुकानातून दूध आणावे आणि रात्रभर जागावेही, अशी आपली अपेक्षा असते. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर आणि दुसरा वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर. पुराव्यावाचून घेतलेला हा संशय चोरीहून कमी निंद्य नाही. गाडी गेल्याचे नुकसान कधी तरी भरून निघते. गरिबाच्या नावास लागलेला डाग निघत नाही.

तेव्हा करावे काय? प्रथम, प्रत्येकाने आपले करावे. केवळ हँडलच्या कुलपावर विसंबणे हा भाबडेपणा आहे. ते जोराच्या हिसड्याने मोडते. ब्रेकच्या चकतीस लावावयाचे कुलूप चाक फिरू देत नाही, पण दोघे मिळून गाडी उचलून नेऊ शकतात. म्हणून गाडी अचल वस्तूस जखडली पाहिजे. कठीण पोलादाची जाड साखळी मागच्या चाकातून, शक्य तर चौकटीतूनही, ओवावी आणि जमिनीवर लोळू न देता ताठ ठेवावी. फरशीवर पडलेल्या साखळीवर घण घालणे सोपे जाते. साखळी कशास बांधावी, हा प्रश्न मात्र एकट्याने सुटत नाही. काँक्रीटमध्ये पक्की गाडलेली लोखंडी कडी प्रत्येक गाडीच्या जागी असावी आणि तो खर्च स्कीमच्या देखभाल निधीतून व्हावा. फाटकास आपोआप मिटणारी यंत्रणा, रात्रभर जळणारे दिवे, खांबामागचा अंधार टिपणारा कॅमेरा आणि फाटकाच्या किल्ल्यांची नोंदवही, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

विम्याविषयीचा गैरसमजही दूर व्हावा. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी व्यापक विमाच हवा. गाडी गेल्याचे कळताच पोलिसांत आणि विमा कंपनीकडे वर्दी द्यावी, आणि गाडीच्या दोन्ही चाव्या जपून ठेवाव्या. दाव्याच्या वेळी त्या मागितल्या जातात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तीवर सही करावी लागते. पोलिसांनीही 'दोन दिवस शोधून पाहा' असा सल्ला कोणास देऊ नये. नागरिकास तपासाचा अधिकार नाही आणि चोरास दोन दिवसांची सवलत देण्याचे कारण नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. घेणारा आहे म्हणून चोर आहे. कागदपत्रांवाचून स्वस्तात मिळालेली गाडी किंवा निम्म्या किमतीचा सुटा भाग घेताना आपल्यातील सुशिक्षितही फारशी चौकशी करीत नाहीत. जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्यास न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ती नसती तरी लाज वाटावयास हवी होती.

मारबतीच्या मिरवणुकीत हे शहर दरवर्षी आपली इडापिडा वेशीबाहेर धाडते. रात्रीचे फाटक लावण्याचे काम मात्र मारबतीवर सोपविता येणार नाही. नंदनवनातील प्रत्येक स्कीमने येत्या रविवारी तासभर एकत्र बसावे आणि फाटकाचा आठवडा पाळीपाळीने कोणाकडे राहील, हे नावानिशी लिहून जिन्याशी लावावे. ज्या कामापुढे कोणाचेच नाव नसते, ते काम होत नाही.