पायगाडीमागचा गाडा

मंद्रूपच्या वेशीपाशीं सायंकाळीं अर्धी घटका उभें राहिलें, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कोणी मुलगा सायकलच्या कॅरिअरवर ज्वारीचें पोतें आडवें बांधून, मुठींस दोन्हीं बाजूंनीं पाण्याचे डबे अडकवून, स्वतः मात्र पायीं सायकल ढकलीत चाललेला असतो. मागून त्याची आई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन येत असते. जें वाहन बसण्यासाठीं घेतलें त्याच्या शेजारून चालावें लागावें, आणि घरांत दोन चाकें असतांहि आईच्या मानेवरचा भार तसाच राहावा, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

आमचें मत असें कीं, ज्या घरीं सायकल आहे त्या घरीं तिच्यामागें जोडावयाचा दोन चाकांचा एक लहान गाडा असावा. आणि तो विकत न आणतां गांवांतच करवून घ्यावा. परदेशांत असे गाडे कारखान्यांतून तयार होऊन येतात. परंतु ते मागवावयाचे म्हटलें तर बहुधा आपल्या साध्या सायकलीहूनहि महाग पडतात. उलट, मोडक्या सायकलींचीं चाकें, लोखंडी नळी आणि चार फळ्या हें साहित्य भंगारवाल्याकडे व सुताराच्या पडवींत आजहि पडलेलें आहे. अडचण साहित्याची नाहीं. तें जुळवून पाहण्याच्या हौसेची आहे.

गाड्यानें एवढा फरक कां पडावा, असें कोणी विचारील. कॅरिअरवर बांधलेलें ओझें उंच असतें. सायकल जराशी कलली कीं तें तिला आणखी कलवितें. तेंच ओझें गाड्यांत ठेवलें म्हणजे जमिनीलगत राहतें व दोन चाकांवर आपला तोल आपण सांभाळतें. शिवाय हवा भरलेलें चाक चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या सुमारें शंभराव्या भागाइतक्या ओढीनें फिरूं लागतें. म्हणजे ५० किलो ओझ्याला सपाटीवर अर्धा किलो ओढ पुरे. मात्र २० फुटांस १ फूट असा चढ लागला कीं त्याच ओझ्यासाठीं आणखी अडीच किलो ओढ लागते; आणि आमच्या काळ्या मातींत पाऊस पडल्यावर चाक रुतूं लागलें, म्हणजे हा हिशेब पार कोलमडतो. चढावर उतरून ढकलावें आणि चिखलांत गाडा घरीं ठेवावा, हें शहाणपण प्रत्येकानें गांठीस बांधावें.

आम्ही स्वतः असा एक गाडा करून पाहिला आणि दोनदां फजीत पावलों. पहिल्या खेपेस चाकांचा आंस एकाच बाजूनें धरला होता. सायकलचें चाक दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरावयासाठीं केलेलें असतें, हें आम्हांस ठाऊक असून सुचलें नाहीं. दोन पोतीं चढवितांच आंस वाकला व चाक लंगडें झालें. दुसऱ्या खेपेस ओझें आंसाच्या मागें रचलें गेलें, तेव्हां गाड्याचा दांडा वर उचलला जाऊन सायकलचें मागचें चाक अधांतरीं फिरूं लागलें. बैलगाडी भरणाऱ्या कोणाहि म्हाताऱ्यानें आम्हांस आधींच सांगितलें असतें कीं, भार आंसाच्या किंचित् पुढें हवा. ओझ्याचा सुमारें दहावा भाग दांड्यावर यावा, अधिक नव्हे व उणाहि नव्हे. पुस्तकांत शोधण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांस विचारावें, हा धडा आम्हांस या निमित्तानें मिळाला.

आतां थोडक्यांत कृति सांगतों. दोन्ही चाकें सारख्या मापाचीं घ्यावीं व प्रत्येकास दोन्ही बाजूंनीं आधार द्यावा. रुंदी अडीच फुटांहून फार नसावी, नाहींतर बोळांत वळणार नाहीं. दांडा सायकलच्या मागच्या आंसाजवळ, खालच्या बाजूस जोडावा. सीटखालीं उंच जोडला तर वळतांना सायकल खेंचली जाते. सांधा चोहोंकडे हलणारा पाहिजे. जाड रबरी नळीचा तुकडाहि कामीं येतो. पण सांधा तुटला तरी गाडा सुटूं नये म्हणून एक साखळी वेगळी बांधावीच. मागें लाल चकाकणारी पट्टी लावावी. गाड्यास स्वतःचा ब्रेक नसतो, उतारावर तो पाठीमागून रेटतो. म्हणून वेग आधींच कमी करावा.

अशा खटपटीस कोणी हंसेल, तर त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण द्यावें. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें झाला. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी भीति शेतकऱ्यांस वाटत होती. तरी १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनेंहि सायकलरिक्षासारखें साधें वाहन सुधारण्यास आपली विद्या लावली. साध्या वस्तूकडे विद्वानांनीं वळून पाहावें, यांत कमीपणा कसला?

दुसरा आक्षेप असा कीं, आतां दारोदार मोटारसायकल आहे आणि टेंपो हांक मारतांच येतो. खरें आहे. परंतु मोटारसायकल घरच्या कर्त्या पुरुषाबरोबर सकाळींच बाहेर जाते, पेट्रोल फुकट मिळत नाहीं, व टेंपो एका पोत्यासाठीं परवडत नाहीं. गिरणीचें दळण, डेअरीचें दूध, शेतांतील भाजी, जारचें पाणी, हीं लहान ओझीं रोजचीं असतात, आणि तींच बायकांच्या डोक्यावर येतात. हा गाडा त्यांच्यासाठीं आहे. तो सोलापूर–विजयपूर महामार्गावर नेण्यासाठीं मात्र मुळींच नव्हे. तेथील भरधाव मालमोटारींपुढें असलें धाडस करूं नये. वस्तीचा रस्ता, शेताची वाट व बाजार एवढीच त्याची शीव.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. घरांत गाडा आला म्हणून मुलगा घरचा हमाल झाला, असें होऊं देऊं नका. ओझें हलकें झालें कीं माणूस दुप्पट ओझें लादतो, हा अनुभव बैलानें पुष्कळ घेतला आहे. तो मुलांच्या वांट्यास येऊं नये. विद्यार्थ्यानें ४० किलोंहून अधिक ओढूं नये, आणि शाळेच्या वेळीं तर एक किलोहि नव्हे. गाडा सायकलपासून सुटतो, हाच त्याचा मोठा गुण. सकाळीं तीच सायकल मोकळी होऊन मुलीस शाळेंत नेईल व सायंकाळीं गाड्यास जुंपली जाईल. एकट्यास खर्च झेपत नसेल तर चार शेजाऱ्यांनीं मिळून एक गाडा करावा; पाळी लावून घ्यावी, भांडण होणार नाहीं.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत हें काम हातीं घ्या. त्रिकोण व तरफ तुम्ही फळ्यावर शिकलां आहां. तीं लोखंडांत उतरवून पाहा. वेल्डिंग मात्र जाणत्याकडूनच करवून घ्या. गाडा ओबडधोबड झाला तरी लाजूं नका. तुमच्या आईच्या डोक्यावरची चुंबळ ज्या दिवशीं खुंटीवर टांगलेली राहील, त्या दिवशीं तुम्हांस परीक्षेच्या कोणत्याहि गुणांहून अधिक समाधान होईल, अशी आमची खात्री आहे.