तीन वर्षांची टीम

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की आडनाव नंतर विचारतात, आधी पेठ विचारतात. पेठ कळली की तालीम कळते, तालीम कळली की फुटबॉलची टीम कळते आणि टीम कळली की या माणसाशी पुढे किती बोलायचे ते ठरते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही सारी नावे मुळात तालमींची. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांनी कधीतरी चेंडू पायात घेतला आणि तालमीचे नाव जर्सीवर चढले. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे आपल्या के.एस.ए.च्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते ती पाहून परगावचा पाहुणा बुचकळ्यात पडतो. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात हे बेट कुठून आले, असे त्याला वाटते.

मीही त्याच गर्दीतला. पण आज लिहायला बसलो आहे ते दुसऱ्या एका टीमविषयी. तिचे सामने पाहायला मोजून वीस माणसे येतात. त्यात चार राखीव खेळाडू, दोन शिक्षक, कुणाचा तरी धाकटा भाऊ आणि मी. ही टीम आपल्या महाविद्यालयाची.

मला बहुतेक विद्यार्थी ओळखतात, कारण ग्रंथालयाच्या खिडकीत पुस्तके देतो तो मीच. या खिडकीत मला सत्तावीस वर्षे झाली. त्याआधी तीन वर्षे मी इथलाच विद्यार्थी होतो. टीममध्ये मात्र नव्हतो. निवड चाचणीला दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेस सर म्हणाले, "तू असं कर, पाण्याच्या बाटल्या बघ." तेव्हापासून बघतोच आहे.

ग्रंथालयात काम करण्याचा एक फायदा असा की या वार्षिकाचे जुने अंक माझ्या हाताखाली आहेत. कुठलाही अंक उघडा. क्रीडा विभागाच्या पानावर फुटबॉल टीमचा फोटो असतोच. खुर्चीवर प्राचार्य, त्यांच्या शेजारी क्रीडाशिक्षक, मागे हाताची घडी घालून उभी पोरे, पुढे मांडी घालून बसलेल्या गोलकीपरच्या मांडीवर चेंडू. खाली बारीक टाईपात 'उभे, डावीकडून' आणि नावे. हे फोटो ओळीने पाहत गेले की एक गंमत लक्षात येते. प्राचार्य म्हातारे होत जातात, निवृत्त होतात, नवे येतात. क्रीडाशिक्षकांचे केस पांढरे होतात. मागची ओळ मात्र कायम वीस वर्षांचीच राहते. चेहरे बदलतात, वय बदलत नाही. मी फोटोत नसतो, पण असतो तर माझेही पोट दर अंकागणिक सुटत गेलेले दिसले असते.

पेठेच्या टीमचा खेळाडू बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षे खेळतो. त्याच्याबरोबर आपण मोठे होतो, त्याच्या लग्नात जेवतो, त्याचा गुडघा गेला की हळहळतो. कॉलेजच्या टीमचे तसे नाही. पहिल्या वर्षी पोरगा बुजलेला असतो. दुसऱ्या वर्षी त्याचा खेळ खुलतो. तिसऱ्या वर्षी तो ऐन बहरात येतो, तोच परीक्षा होते आणि तो दाखला घेऊन जातो. मग कुणी पोलीस भरतीच्या रांगेत दिसतो, कुणी शिरोलीच्या फाउंड्रीत लागतो, कुणी बापाच्या दुकानात बसतो. आपण पुन्हा ऑगस्टच्या चिखलात उभे राहून नवी नावे पाठ करायची. पेठेची टीम कमी पडली तर बाहेरून खेळाडू आणते. हल्ली पार आफ्रिकेतून आलेले खेळाडूही आपल्या मैदानावर दिसतात. कॉलेजला ती सोय नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि जो पंचविशीच्या आत आहे, त्यांतूनच अकराजण उभे करायचे. जे आले ते आपले.

आणि जे येतात ते सगळ्या पेठांतून येतात. सांगायचा मुद्दा तोच आहे. उन्हाळ्यात शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या नडग्या फोडणारी पोरे पावसाळ्यात एका रंगाची जर्सी घालतात. शिवाजी पेठेचा बॅक मंगळवार पेठेच्या हाफला पास देतो. पहिले पंधरा दिवस देत नाही, हेही खरे. सरावात सरळ दिसते की दोन्ही पेठांची पोरे आपापल्यातच चेंडू फिरवत आहेत. सर ओरडतात, शिट्टी फुंकतात, मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पण त्या फेऱ्यांनी काही होत नाही. पहिल्या सामन्यात एक गोल खाल्ला की आपोआप पास सुरू होतात.

मध्यंतरी फुटबॉलच्या इतिहासाचे एक पुस्तक चाळत होतो. त्यात १८४८ सालची हकिगत वाचली आणि मला हसू आले. केंब्रिज विद्यापीठात तेव्हा निरनिराळ्या शाळांतून मुले येत, आणि प्रत्येक शाळेचे फुटबॉलचे नियम निराळे. रग्बी शाळेची मुले चेंडू हाताने धरत, आणि त्यांनी धरला की ईटनची मुले त्यांच्या अंगावर ओरडत. खेळ होण्याऐवजी भांडणेच होत. शेवटी चौदा विद्यार्थी ट्रिनिटी कॉलेजात एका खोलीत बसले. दुपारी चार वाजता बसले ते मध्यरात्रीच्या सुमारास उठले. तेव्हा कुठे सगळ्यांना चालतील असे नियम कागदावर आले. ते छापून पार्कर्स पीस नावाच्या मैदानावर चिकटवले गेले. पुढे १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन निघाली. तिने आपले नियम ठरवताना केंब्रिजच्या नियमांचाच आधार घेतला. म्हणजे एकमेकांवर ओरडणाऱ्या पोरांना एका टीममध्ये खेळायचे होते, म्हणून हा खेळ आजच्या वळणावर आला. आमच्या सरांना ही हकिगत सांगितली, तर म्हणाले, "चौदाच होते, म्हणून जमलं. आपल्याकडं समर्थकच चौदा हजार."

आता जे लिहायला पेन उचलायचे टाळत होतो ते लिहितो.

काही वर्षांपूर्वी आपल्या टीममध्ये डाव्या बगलेला खेळणारा एक मुलगा होता. नाव देत नाही. अंगाने काटकुळा, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटायचा. पलीकडच्या पेठेतला होता, म्हणजे माझ्या पेठेच्या पलीकडच्या. प्रवेशाच्या वेळी त्याची आई त्याच्याबरोबर आली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला ती माझ्या खिडकीशी थांबली आणि जाताना म्हणाली, "दादा, जरा ध्यान ठेवा पोराकडं." त्या ऑक्टोबरात विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांत त्याने तीन सामन्यांत चार गोल केले. अंतिम सामना आपण जिंकलो, तेव्हा त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत मीही होतो. माझा शर्ट चिखलाने भरला. बायकोने विचारले, तर मी अभिमानाने सांगितले, "आमचा लेफ्ट आऊट."

नंतर फेब्रुवारीत शाहू स्टेडियमवर आमची पेठ विरुद्ध त्याची पेठ असा सामना होता. गॅलरी खच्चून भरलेली. तो त्यांच्याकडून खेळत होता आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्याने आमच्या बॅकला दोनदा जागेवर बसवले. गॅलरी पेटली. माझ्या अवतीभवती जे चालले होते त्यात मी कधी सामील झालो ते मला आजही सांगता येत नाही. तो कॉर्नर मारायला आमच्या गॅलरीखाली आला. आणि मी, वय वर्षे पन्नाशीच्या घरात, ग्रंथालय कर्मचारी, उभा राहून त्याला एक शिवी हासडली. ती इथे छापता येणार नाही. तिच्यात त्याच्या आईचा उद्धार होता. त्याने वर पाहिले. शेकडो तोंडांतून माझेच तोंड त्याला दिसले, की नुसताच आवाजाच्या दिशेने त्याने पाहिले, मला कळले नाही. त्याने कॉर्नर मारला आणि तो परत पळाला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अकराच्या सुमारास तो खिडकीशी आला. भारतीय राज्यघटनेवरचे एक पुस्तक त्याला हवे होते. मी कार्ड घेतले, पुस्तक काढले, तारखेचा शिक्का मारला. "आठ दिवसांत परत कर," असे म्हणायला गेलो, तर घशातून शब्दच फुटेना. तो म्हणाला, "मामा, आवाज बसलाय तुमचा." मी मान हलवली. तो म्हणाला, "हळद-दूध घ्या." आणि गेला.

त्याने हे सहज म्हटले की समजून म्हटले, हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला असेल! त्याला विचारण्याचे धाडस झाले नाही. तिसऱ्या वर्षीही तो आपल्यासाठी खेळला. मी बाटल्या घेऊन उभा असायचो. तो येऊन पाणी प्यायचा, "थँक्यू मामा" म्हणायचा. त्यापलीकडे काही नाही.

कुणी म्हणेल, मामा उगाच मनाला लावून घेतात. मैदानावरची शिवी मैदानावरच राहते, ईर्षेशिवाय खेळ नाही. ईर्षेविषयी माझीही तक्रार नाही. उलट मी तर म्हणेन की पेठांची ईर्षा नसती तर इथला फुटबॉल केव्हाच संपला असता. कॉलेज खेळाडू घडवत नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. कॉलेज ऑगस्टमध्ये जर्सी देते आणि मार्चमध्ये फोटो काढते. मधला सगळा खेळ त्या पोराला गल्लीने, तालमीने आणि रोज पहाटे मैदानावर येणाऱ्या एखाद्या जुन्या खेळाडूने शिकवलेला असतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्या दिवशी पेठ कुठली हे कुणी विचारले नाही, सगळे शहर टीव्हीपुढे होते. म्हणजे विसरता येते. पण त्यासाठी विश्वचषकच लागावा का?

माझा अनुभव असा की कॉलेजच्या वीस प्रेक्षकांच्या सामन्याला शिवी देता येत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, तर आवाज ओळखू येतो म्हणून. तिथे ज्याच्यावर ओरडायचे त्याचे नाव, वर्ग आणि थकलेली पुस्तके मला ठाऊक असतात. गॅलरीत माझ्या तोंडाला चेहरा नसतो आणि समोरच्या पोराला फक्त रंग असतो. म्हणून माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की कॉलेजचा सामना पाहायला या. टीमवर उपकार म्हणून नका येऊ. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगा मैदानावर काय चीज आहे ते एकदा पाहून ठेवा. उन्हाळ्यात तो तुमच्या विरुद्ध उभा राहील तेव्हा उपयोगी पडेल.

प्राचार्यांकडे मी एकदा विनंती केली होती की विभागीय अंतिम सामन्याच्या दिवशी तीननंतरचे तास सोडावेत. हजेरीचा प्रश्न निघाला. हजेरीचे महत्त्व मला मान्य आहे. ग्रंथालयातली हजेरी मीच रोज मोजतो आणि तो आकडा चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण तीन वर्षांत एकदा तरी साऱ्या कॉलेजने एका बाजूने ओरडावे, एवढी सवलत अभ्यासक्रमाने द्यायला हरकत नसावी. विनंती अजून विचाराधीन आहे.

त्या मुलाचा शेवटचा सामना आपण टायब्रेकरवर हरलो. त्याने स्वतःची पेनल्टी मारली, नंतरच्या दोघांच्या हुकल्या. परतताना टेम्पोत कुणी बोलत नव्हते. ज्याची पेनल्टी हुकली होती त्यातला एक माझ्या पेठेचा. तो गुडघ्यात डोके घालून बसला होता आणि आपला लेफ्ट आऊट त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होता, कारण थंडीने त्याची स्वतःची बोटे वळत नव्हती.

आता तो नोकरीत आहे, पण सुट्टीच्या दिवशी अजून आपल्या पेठेकडून खेळतो. मागच्या हंगामात पुन्हा तीच गाठ पडली. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. डाव्या बगलेने तो सुटला तसा माझ्या आजूबाजूला आरडाओरडा सुरू झाला, तीच शिवीही आली. मी तोंड मिटून बसलो. शेजारच्याने विचारले, "काय मामा, तब्येत बरी न्हाई काय?" मी म्हटले, "घसा बसलाय." त्याचा क्रॉस सुंदर होता. गोल जरा थोडक्यात हुकला. टाळी वाजवावी असे फार वाटले, पण आमच्या गॅलरीत बसून तेवढे काही माझ्याने झाले नाही.