मिस ब्रिलचा बाक

परवा शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाचनगटात कॅथरिन मॅन्सफिल्डची 'मिस ब्रिल' ही १९२० सालची इंग्रजी कथा मी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितली. लेखिका न्यूझीलंडची, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी क्षयानं गेली.

फ्रान्समधल्या एका गावात इंग्रजी शिकवणारी ही एकटी बाई. दर रविवारी गळ्याभोवती जुनी फर घालून बागेत बँड ऐकायला जाते. बाक ठरलेला. शेजारच्यांचं बोलणं, न ऐकल्यासारखं करून, ऐकत राहते. हळूहळू तिला वाटायला लागतं, हे सगळं नाटकच आहे आणि आपणही त्यातलं एक पात्र. एखाद्या रविवारी आलो नाही, तर कुणाच्या तरी लक्षात येईल!

ती एकटी आहे, असं लेखिका कुठं म्हणत नाही. ते सांगते बाग. बाकांवर तीच ती गप्प, म्हातारी माणसं, जणू अंधाऱ्या खोल्यांतून, कपाटांतून उठून आलेली. गंमत म्हणजे हे निरीक्षण मिस ब्रिलचंच. आपणही तशाच बाकावर बसलोय, हे मात्र तिच्या ध्यानात येत नाही. मग एक तरुण जोडपं येतं आणि तिलाच हसतं, तिच्या फरलाही. दर रविवारी घरी जाताना ती बेकरीतून केकचा तुकडा घ्यायची. त्या दिवशी थांबत नाही. थेट खोलीत. आणि खोली कशी? कपाटासारखी! माझ्या तर अंगावर काटा आला.

एकजण फटकन म्हणाली, "दुसऱ्याचं चोरून ऐकते, मग बोलणी खाणारच की!" सगळ्या हसल्या. मला नाही पटलं. स्वतःला फसवणं वाईट, हे आपण फार पटकन म्हणून टाकतो. रविवारची ती दोन तासांची फसवणूक तिला उरलेला आठवडा पुरत असेल, तर कुणाचं काय बिघडलं? बिघडवलं त्या जोडप्यानं.

गटात एक काकू आहेत. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याकाठी भेटल्या की म्हणतात, "मुलगा बोलावतोय हो पुण्याला, मलाच करमत नाही तिकडं." हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला त्यांच्या घरी गेले होते. चार खुर्च्या. तिघींवर रद्दीचे गठ्ठे, चौथी खिडकीशी ओढलेली. घरानं सगळं सांगितलं. काकूंनी काहीच नाही. एक गठ्ठा खाली ठेवून मी बसले आणि विचारलं, "मग कधी निघताय पुण्याला?" म्हणाल्या, "बघू, दिवाळीनंतर."

कथा चालू असताना त्या गप्पच होत्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गेली का गं ती बागेत?"

कथा तिथंच संपते, हे सांगायला माझी जीभ रेटेना.