बैल गेला अन् नामावली केली

मी सिनेमाची नामावली शेवटपर्यंत वाचणारा माणूस आहे. दिवे लागतात, लोक माझ्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडतात, हिचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण चहा कोणी पुरवला हे कळल्याशिवाय मी उठत नाही. चौतीस वर्षं वाळूजच्या एमआयडीसीत हजेरीपट सांभाळला. कामावर आलेल्याचं नाव पटावर नाही म्हटलं, की अजून पोटात गोळा येतो.

आणि सिनेमावाले नेमकं हेच उजळ माथ्याने करतात.

आमच्या चुलतभावाचा सर्ज्या घ्या. वाळूजपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथे एका मालिकेचं शूटिंग झालं. नायक काही केल्या शेतकरी दिसेना, म्हणून शेजारी सर्ज्याला जुंपला. दोन दिवस तो उन्हात औत ओढत होता. नायकाने कासरा भलतीकडे ओढला तरी हा आपला बरोबर तासातून चालला. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं? भाग टीव्हीवर लागला तेव्हा अर्धं गाव काकूंच्या ओसरीवर जमलं. शेवटी नावं धावली. नायकाचे केस विंचरणारा आला, जनरेटरवाला आला, 'विशेष आभार : समस्त ग्रामस्थ' म्हणून काडीचं काम न केलेले आम्हीसुद्धा आलो. काकू म्हणाल्या, "आरं, समद्यांची नावं आली. आपल्या सर्ज्याचं कुठंय?"

एरवी पडद्यावर जनावरांचा उल्लेख येतो तो एकाच वाक्यात : कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. वाक्य उत्तमच. 2001 च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण माझ्या निरोप-समारंभात साहेब म्हणाले असते, "यांना आम्ही चौतीस वर्षांत एकदाही मारलं नाही," तर मी त्याला सत्कार म्हटलं असतं का?

'दो आँखें बारह हाथ' (1957) मधल्या बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्याला जबर दुखापत झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या चित्रपटाला 1958 साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. अस्वलाचं नाव झालं. बैल कोण होता, विचारा कोणालाही! उमेश कुलकर्णींचा 'वळू' (2008) तर बोलूनचालून बैलाच्याच नावाचा. अतुल कुलकर्णींचा फॉरेस्ट अधिकारी सगळ्यांना आठवतो. डुरक्याचं काम कोणी केलं, असं मी बजाजनगरात डझनभर सुशिक्षितांना विचारलं. एकाने उत्तर दिलं : "बैलानेच की!"

तिकडे फ्रान्सात, कान महोत्सवाच्या वेळी, 2001 पासून उत्तम श्वान-कलावंताला 'पाम डॉग' म्हणून गळपट्टा देतात; 2023 साली तो मेस्सी नावाच्या कुत्र्याने पटकावला. पण एवढं लांब कशाला जा? आपल्या शंकरपटात भोंग्यावरून बैलांची नावं गावभर ऐकू जातात. जत्रेला जे कळतं ते स्टुडिओला कळू नये?

"पण बैलाला वाचता येतं का?" असं आमचे शेजारी विचारतात. नाही येत, कबूल. पण नाव हे ज्याचं त्याने वाचण्यासाठी नसतंच, ते हिशेबासाठी असतं. 'सर्ज्या' लिहिलं की विचारता येतं, त्याला पाणी कधी पाजलं? सावलीत कधी बांधला? 'बैल, नग एक' लिहिलं की प्रश्नच मिटला. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे कंत्राटी मजुरांचा पटावर नुसता आकडा असे : बारा. एका मे महिन्यात त्या बारांतला एक चक्कर येऊन पडला. त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे माझ्या पटाला ठाऊक नव्हतं. मलाही.

सर्ज्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. दारात ट्रॅक्टर आहे. त्याच्यावर मात्र कंपनीचं नाव ठसठशीत. पोळ्याला काकू मातीच्या बैलांची पूजा करतात, आणि नातू मोबाईलवर तोच जुना भाग लावतो. नावं धावायला लागली, की काकू चष्मा न लावताच मोठ्याने वाचतात :

"बैल – सर्ज्या."